गाण्याच्या स्पर्धा आणि फुलांची प्रदर्शनं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हिवाळा लागला की मराठवाड्यातून दोन विषयांची पत्रं एकदम वाढतात: टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा आणि पुष्पप्रदर्शनं. या अंकात दोन्ही एकत्र घेतली आहेत, कारण बहुतेक पत्रांत आई किंवा वडील आहेतच. गाण्याविषयीची उत्तरं गायन शिकवणाऱ्यांनी दिली आहेत, फुलांविषयीची प्रदर्शनांत परीक्षण करणाऱ्या बागायतप्रेमींनी.

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, मधुमेह आहे. अंगणातली शेवंती आणि टीव्हीवरचं गाणं यात तिचा जीव रमतो. छत्रपती संभाजीनगरला शनिवार-रविवार पुष्पप्रदर्शन आहे. तिला कधी न्यावं, सोबत काय घ्यावं? (एक वाचक, जालना)

गुलाब पाहायचे असतील तर शनिवारी दुपारी चारनंतर जा. बाकी सगळं निवांत पाहायचं असेल तर रविवारी सकाळी दार उघडताच आत शिरा. कापलेली फुलं मांडायचं काम पहिल्या दिवशी पहाटेपासून चालतं, दुपारपर्यंत परीक्षण होतं आणि मग लोकांना आत सोडतात. आपल्याकडची हवा कोरडी. बाटलीतला गुलाब दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकतो, बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा काळवंडतात. कुंड्यांतली शेवंती, पिटुनिया, डायंथस मात्र दोन्ही दिवस तशीच राहतात. तुमच्या आईला शेवंतीच पाहायची आहे, त्यामुळे रविवारची सकाळ तिच्यासाठी उत्तम. रविवारची संध्याकाळ टाळाच. गर्दीत म्हाताऱ्या माणसाला धक्के बसतात आणि बसायला खुर्ची मिळत नाही.

जालन्याहून साठेक किलोमीटरचा रस्ता आहे. आईला घरूनच नाश्ता करून, गोळी घेऊन निघू द्या. प्रदर्शनातल्या स्टॉलवर वडापाव आणि गोड चहा सोडून फारसं काही मिळत नाही. पिशवीत फुटाणे, पाण्याची बाटली, साखर उतरली तर तोंडात टाकायला दोन खडीसाखरेचे खडे आणि घडीचं हलकं स्टूल असू द्या. स्टूलला संकोचू नका, अर्ध्या तासात त्याची किंमत कळते. पायात मागून बंद असलेली चप्पल किंवा बूट हवेत. कुंड्यांना पाणी घातल्यामुळे जमीन ओली असते, आणि मंडपातल्या जाजमाच्या घड्यांत स्लीपर अडकून पडणारे लोक दरवर्षी दिसतात. चाकाची खुर्ची मिळेल का, हे आदल्या दिवशी आयोजकांना फोन करून विचारा. आईला दाराशी उतरवून मगच गाडी लावायला जा.

आत गेल्यावर आधी कापलेल्या फुलांची टेबलं, मग कुंड्या, मग बोन्साय आणि पुष्परचना, आणि रोपवाटिकांचे स्टॉल अगदी शेवटी. आधी रोपं घेतली की दोन्ही हात पिशव्यांत अडकतात आणि आईला आधार द्यायला हात उरत नाही. दीड तास पुरे. फोटो काढताना आधी फुलापुढच्या चिठ्ठीचा आणि लगेच फुलाचा काढा. घरी आल्यावर ‘ते पिवळं कोणतं गं?’ असं ती विचारेल तेव्हा जातीचं नाव सापडेल. दम्याचा त्रास असेल तर इनहेलर पर्समध्ये ठेवा, शेवंतीच्या दालनात फार वेळ थांबू नका.

प्रश्न : वडिलांच्या गच्चीवर गुलाबाच्या चाळीस कुंड्या आहेत. मागच्या वर्षी त्यांनी प्रदर्शनात फुलं मांडली. आजूबाजूच्या फुलांपेक्षा ती मोठी होती, तरी नंबर आला नाही. एका कार्डावर ‘एन. ए. एस.’ असं लिहिलं होतं. वडील फार खट्टू झाले. यंदा मीही सोबत जाणार आहे. काय सुधारावं? (एक वाचक, सेलू)

आधी त्या तीन अक्षरांविषयी. ‘एन. ए. एस.’ म्हणजे मांडणी त्या वर्गाच्या नियमात बसली नाही, म्हणून फूल स्पर्धेतच धरलं गेलं नाही. फूल वाईट होतं असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही, हे वडिलांना आधी सांगा. नेहमीच्या चुका अशा: एका फुलाच्या वर्गात दांडीला बाजूची कळी राहिलेली असते, ‘एकाच जातीची तीन फुलं’ या वर्गात तिसरं दुसऱ्याच जातीचं निघतं, किंवा झुपक्याने फुलणारा फ्लोरिबंडा हायब्रिड टीच्या (दांडीला एकच मोठं फूल देणाऱ्या गुलाबांच्या) टेबलावर मांडला जातो. माहितीपत्रक मिळालं की प्रत्येक वर्गातला फुलांचा आकडा आणि ‘कळीशिवाय’, ‘पानांसह’ असे शब्द लाल पेनाने अधोरेखित करा.

आकाराचं म्हणाल तर परीक्षक मोठेपणाला थोडेच गुण देतात. हायब्रिड टी गुलाब अर्धा ते पाऊण उमललेला हवा. मधला भाग उंच, टोकदार आणि एकच हवा, पाकळ्या त्याभोवती सारख्या वळणाने उलगडलेल्या हव्यात. पूर्ण उमलून मधले पुंकेसर दिसायला लागले की कितीही मोठं फूल मागे पडतं. पाकळ्यांच्या गर्दीत मध्यभागी दोन टोकं दिसली तर तोही दोष. फार थंड रात्री आणि जास्त नत्र यांमुळे केंद्र असं दुभंगतं. वडील युरिया सढळ हाताने घालत असतील तर कळी दिसल्यापासून तो बंद करा. दांडी सरळ आणि फुलाच्या मानाने पुरेशी लांब, पानं स्वच्छ, डागाविना. पानांवर तेल चोळून चमक आणली तर फूल बाद होतं. ओल्या कापसाने धूळ पुसायला मात्र हरकत नाही.

आता वेळापत्रक. आपल्याकडच्या हिवाळ्यात छाटणीनंतर फूल यायला सात ते आठ आठवडे लागतात. प्रदर्शन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात असेल तर छाटणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यायला हवी. चाळीस कुंड्या एकाच दिवशी छाटू नका. चार-चार दिवसांच्या अंतराने तीन गट करा. थंडीची लाट आली की फुलं आठवडाभर रेंगाळतात, ऊन वाढलं तर आधीच उमलून मोकळी होतात. तीन गट असले की एखादा तरी नेमका साधतो. छाटताना बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (फुटवा येतो त्या कोंबाच्या) पाच मिलिमीटर वर तिरपा काप घ्या आणि कापावर ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा लेप लावा. फुटवे आले की प्रत्येक काडीवर एक किंवा दोनच ठेवा. बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने खुडा. उशिरा खुडल्या तर तिथे काळा व्रण राहतो आणि परीक्षकांची नजर नेमकी त्याच्यावर जाते.

सेलू, परभणी, जिंतूर भागात बोअरचं पाणी जड आणि माती चुनखडीची. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाही असं समजा. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी हे थांबवा, नाहीतर पानांवर तपकिरी ठिपके राहतात. पांढऱ्या आणि फिकट गुलाबांच्या पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या दिसत असतील तर ते फुलकिड्यांचं काम आहे. कळीला रंग दिसायच्या आधीच त्यांचा बंदोबस्त करायला हवा.

काढणी आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. बाहेरच्या दोन पाकळ्या नुकत्या सुटत असतील तेव्हा दांडी कापा आणि तिथेच बादलीतल्या पाण्यात बुडवा. मग पाण्याखाली धरून टोकाचा अर्धा इंच पुन्हा कापा. कापलेल्या टोकातून हवा आत शिरली की पाणी वर चढत नाही आणि फूल दुसऱ्या दिवशी मान टाकतं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. बादली रात्रभर अंधाऱ्या, थंड खोलीत ठेवा. प्रवासात बादलीत एकतृतीयांश पाणी ठेवा, प्रत्येक फुलाभोवती बटर पेपरचा सैलसर सुळका गुंडाळा आणि दांड्यांमध्ये ओलं वर्तमानपत्र कोंबा म्हणजे फुलं एकमेकांवर आपटत नाहीत. गाडीतल्या एसीची झोत थेट फुलांवर नको. पाच फुलं मांडायची असतील तर आठ न्या. टेबलाजवळ पोहोचल्यावर बाहेरची एखादी खराब पाकळी अलगद काढायला हरकत नसते, पण चिमटीत धरून देठाशी काढा, अर्धी फाटली तर ती काढली नसती तर बरं होतं असं होतं.

वडिलांना आणखी एक पाहणं घडवा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास मोठं पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे बक्षिसाच्या फुलाशेजारी हुकलेलं फूल असतं. दोन्हींत नेमका काय फरक आहे, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा. तीन वर्षं गाणं शिकतोय. टीव्हीवरच्या मुलांच्या स्पर्धेसाठी मोबाइलवर चित्रित केलेलं गाणं पाठवायचं आहे. कोणतं गाणं, कोणत्या पट्टीत, कसं चित्रित करावं? (एक आई, लातूर)

लातूरच्या मुलाने तिथवर पोहोचणं नवं नाही. ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वात अंतिम पाचांत रोहित राऊत होता, तो तुमच्याच गावचा.

पट्टी, म्हणजे सा कोणत्या स्वरावर धरायचा ते, आधी ठरवा, गाणं नंतर. तंबोरा लावून मुलाला मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत खाली आणि तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत वर न्या. खालचा पंचम ऐकू येतो आणि वरचा गंधार मान ताठ न करता लागतो, ती त्याची पट्टी. मूळ गायकाच्या पट्टीत गायलाच हवं असा हट्ट नको. बारा ते चौदा या वयात मुलांचा आवाज फुटतो, आणि गाणं पाठवणं व प्रत्यक्ष चित्रीकरण यांत काही महिने जातात. म्हणून निवडलेली तिन्ही गाणी दोन स्वर खाली गाऊनही बसवून ठेवा. आवाज फुटायला लागला तर वरच्या स्वरांवर जोर देऊ नका. गळा त्या काळात दुखावला तर तो भरून यायला फार वेळ जातो.

तीन गाणी तीन धर्तींची हवीत: एक अभंग किंवा भावगीत, एक ठेक्याचं, एक त्याला मनापासून आवडणारं. एका गाण्याला बहुधा एक ते दीड मिनिट मिळतो. लांबलचक आलापाने सुरुवात केली तर त्यातला निम्मा वेळ शब्दांविना जातो. एका स्वराची ओळख करून देणारा छोटा आलाप, लगेच मुखडा, मग अंतऱ्यातली वरची ओळ आणि परत मुखडा, एवढं बसवा. परीक्षक लांब स्वराचं शेवटचं टोक ऐकतात. मुलं स्वर बरोबर लावतात आणि श्वास संपत आला की तो किंचित खाली घसरतो. नऊ-दहा सेकंद स्वर धरून शेवटी तो हलका सोडायचा, असा रोजचा रियाज करा.

शब्दांवर वेळ घालवा. ‘चांदणं’मधला च दातांशी आणि ‘चंद्र’मधला च टाळूशी, हा फरक एका ओळीत दोनदा आला की मुलं गोंधळतात. आपल्या भागात बोलताना ‘पानी’, ‘लोनी’ असे उच्चार येतात, घरी ते गोडच लागतात, पण गाण्यात ण आणि ळ पूर्ण यायला हवेत. आरशासमोर उभं करून, चाल न लावता नुसते शब्द वाचून घ्या.

चित्रित करताना मोबाइल छातीच्या उंचीवर, तीन फुटांवर, स्टँडला लावून ठेवा. पंखा, कूलर, फ्रिज बंद. गाद्या-रजया असलेली खोली चांगली, फरशी आणि काचांची खोली घुमते. कराओके माइकचा एको बंदच ठेवा, त्यात बेसूर लपतो हे निवड करणाऱ्यांना ठाऊक असतं. तंबोरा दुसऱ्या मोबाइलवर, मुलाच्या मागे, हळू. पेटी प्रत्येक स्वराबरोबर वाजवू नका, नाहीतर मुलाचा सूर ऐकू येत नाही. मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो, त्यामुळे वरचा स्वर दबलेला वाटला म्हणून मुलाला ओरडायला लावू नका. एकाच दमात घ्या, जोडतोड नको.

निवड झालीच तर एक गोष्ट हक्काने विचारा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या चित्रीकरणासाठी निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. बालकामगार नियमांत २०१७ च्या दुरुस्तीनंतर असं आहे की मूल दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करणार नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत जाईल. शाळा बुडू नये ही जबाबदारीही निर्मात्याचीच. करारावर सही करण्याआधी हे मुद्दे त्यात आहेत का ते पाहा.

प्रश्न : ‘तुमच्या मुलीची निवड झाली, नोंदणी आणि ड्रेससाठी १८ हजार भरा’ असा फोन आला. वाहिनीचं चिन्ह असलेलं पत्रही व्हॉट्सअॅपवर आलं. (एक वाचक, बीड)

भरू नका. चिन्ह कुणालाही चिकटवता येतं. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. वाहिनीच्या स्वतःच्या पडद्यावर किंवा अधिकृत अॅपवर दिलेल्या मार्गानेच अर्ज करा. पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. ओटीपी, आधारचा फोटो, मुलीचे जास्तीचे फोटो काहीही पाठवू नका.

प्रश्न : आमच्याकडे पुष्पप्रदर्शनाच्या मंडपातच ज्येष्ठांची कराओके स्पर्धा असते. आई ६६ वर्षांची, टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून तिलाही गायचंय. मूळ ट्रॅकवर तिचा आवाज वर फाटतो. (एक वाचक, परभणी)

त्यांना जरूर गाऊ द्या. रजोनिवृत्तीनंतर बाईचा आवाज खाली येतो, त्यामुळे तरुणपणी पेटीच्या काळी चारमध्ये सहज जमलेलं गाणं आता काळी तीनमध्ये बसतं. ट्रॅकची पट्टी अॅपमधून दोन ते तीन अर्धस्वर खाली घ्या. त्याहून खाली नेलं तर वाद्यांचा आवाज जाडाभरडा होतो, मग त्याच गाण्याचा खालच्या पट्टीत बनवलेला ट्रॅक शोधलेला बरा. बदललेला ट्रॅक पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवर अशा दोन्हीकडे न्या. आयोजकांच्या लॅपटॉपवर हमखास मूळ पट्टीचा निघतो.

आधी गाणं, मग फुलं, हा क्रम पाळा. दोन तास मंडपातल्या गोंगाटात ओळखीपाळखीच्या बायकांशी मोठ्याने बोलून मग मंचावर चढलं की आवाज घोगरा निघतो. गाण्याआधी दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणू द्या, कोमट पाणी प्यायला द्या. जेवण दोन तास आधी उरका. माइक तोंडापासून तीन बोटांवर धरायचा, जाळी मुठीत पकडायची नाही, पकडली की शिट्टी वाजते. पडद्यावरचे शब्द उन्हात दिसत नाहीत, म्हणून जाड अक्षरांत कागदावर लिहून द्या आणि कडव्यांमधला संगीताचा तुकडा किती मात्रांचा आहे तेही त्यावर टाका. बहुतेक जण चुकतात ते दुसरं कडवं उचलताना.

प्रश्न : वडील म्हणतात, ‘हल्लीची मुलं शब्द खातात.’ टीव्ही इतका मोठा लावतात की बाहेर बसावं लागतं. शिवाय टीव्हीवरचं गाणं खरंच तिथल्या तिथे गायलेलं असतं का? (एक वाचक, नांदेड)

दुसरं आधी. या कार्यक्रमांचं चित्रीकरण बहुधा आधी होतं. गायक मंचावर गातो, पण आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी ध्वनिमुद्रण मिसळलं जातं, आवाज आणि वाद्यांचा तोल साधला जातो, घुमारा घातला जातो. त्यामुळे मंचावर परीक्षकांनी सांगितलेली चूक घरी कधी कधी ऐकूच येत नाही. वडिलांबरोबर ऐकताना श्वास कुठे घेतला, शब्द मध्येच तोडला का, आणि मंद्रातली ओळ पोकळ झाली का, एवढं पाहा. मिश्रणातूनही ते कळतं.

पहिल्या भागाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. वयानुसार बारीक, वरच्या पट्टीचे ध्वनी आधी कमी ऐकू येतात. स, श, त, थ, फ हे त्यातलेच. चाल नीट ऐकू येते आणि शब्द पुसट होतात, मग माणसाला वाटतं गाणाराच शब्द खातोय. आवाज वाढवून उपयोग होत नाही, कारण चालही तितकीच मोठी होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे कानातला मळ तपासून ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’सारखा पर्याय असेल तर तो लावा, टीव्हीच्या स्पीकरचं तोंड भिंतीकडे असेल तर तो पुढे आणा, वडिलांची खुर्ची सात-आठ फुटांवर घ्या. श्रवणयंत्र घेतलं तर ऑडिओलॉजिस्टला (यंत्र जुळवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाला) ‘संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाका’ असं स्पष्ट सांगा. यंत्रं बोलण्यासाठी जुळवलेली असतात. लांब सूर लागला की शिट्टी थांबवणारी यंत्रणा त्यालाच शिट्टी समजते आणि सूर थरथरतो. गाणं ऐकणाऱ्या माणसाने यामुळेच यंत्र कपाटात टाकलेलं असतं.

प्रश्न : आईने प्रदर्शनातून हौसेने आणलेला गुलाब दरवर्षी महिन्याभरात वाळतो. (एक वाचक, हिंगोली)

फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका. दोन-तीन जाड काड्या, निरोगी पानं आणि एखादी कळी असलेलं घ्या. पिशवी हलक्या हाताने हलवा, खोड मातीत डुगडुगत असेल तर ते नुकतंच पिशवीत भरलेलं आहे. डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलमाचा जोड, शोधा. गाठीखालून आलेला फुटवा जंगली गुलाबाचा असतो, तो मुळाशी ओढून काढायचा. घरी आणल्यावर पाच-सहा दिवस सावलीत, पिशवीतच. मग दहा-बारा इंची कुंडीत लावा: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. शेतातली नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, तुमच्या आईचे गुलाब बहुधा याचमुळे जातात. पिशवी कापताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. गाठ मातीच्या दोन बोटं वर राहू द्या, आणि पहिला महिनाभर खत घालू नका. पाणी बोटभर खोल माती कोरडी लागल्यावरच.